म्हातारपणी चावता आलं पाहिजे: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे कुठून लक्ष द्यायला लागायचं

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडचं घर बंद करून आई-वडील नाशिकला मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला येतात, तेव्हा सोबत औषधांची पिशवी येते, जुन्या रिपोर्टांची फाईल येते. बीपी, साखर, गुडघे, सगळ्याची नोंद असते. तोंडात किती दात उरलेत, कवळी कधी बसवली, कोणत्या बाजूने चावता येतं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं आणि कुणी विचारतही नाही.

ही जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी दातांची डॉक्टर नाही. घरात दोन वडीलधारी माणसं सांभाळताना आणि त्यांच्यासोबत दवाखान्यांत बसताना जे शिकले, वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते क्रमाने सांगते. माझं सांगणं मुळात एकच आहे. वडीलधारं माणूस चावायचं टाळू लागलं की आपण लगेच जेवण मऊ करायला घेतो. ते दुसरं काम आहे. आधी तोंड उघडून आत बघायचं.

चावण्याचा बाकीच्या शरीराशी काय संबंध?

दात गेले म्हणून कुणी उपाशी राहत नाही, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. माणूस फक्त पदार्थ बदलत जातं. आधी शेंगदाणे, मक्याचं कणीस, पेरू बंद होतात. मग कोशिंबीर, शेपू-मेथी, मटकीची उसळ, मटण. भाकरी आधी दुधात कुस्करली जाते, काही महिन्यांनी ताटातूनच जाते. उरतो वरणभात, दूधपोळी, शिरा, केळं आणि दिवसातून तीन-चारदा चहाबरोबर बिस्किटं. पोट भरतं, पण प्रथिनं, चोथा आणि लोह कमी पडत जातं.

याचे परिणाम दातांच्या नावावर कधीच टाकले जात नाहीत. प्रथिनं कमी पडली की स्नायू झडतात. खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो, जिना नकोसा होतो, एक दिवस बाथरूममध्ये तोल जातो. चोथा कमी झाला की बद्धकोष्ठता आणि रोज रात्रीचं चूर्ण. भात, मैदा, साखर वाढली की मधुमेह आवरेनासा होतो. घास नीट चावला गेला नाही तर लाळ मिसळून त्याचा मऊ गोळा होत नाही, मोठे तुकडे तसेच गिळले जातात आणि ठसका लागतो.

हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात, हे तर आता पक्कं झालेलं आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांतला जंतुसंसर्ग बरा होत नाही, आणि हिरड्यांत कायम सूज-पू असेल तर साखर खाली येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असं अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. औषधाची एखादी गोळी वाढवण्याआधी तोंड तपासून घ्यावं, इतका हा फरक नक्कीच मोठा आहे.

फुफ्फुसांचंही तसंच. तोंड अस्वच्छ असेल तर लाळेतले जंतू झोपेत किंवा ठसक्याबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसांत हा धोका सगळ्यांत जास्त. ८५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचा जपानमधला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचं प्रमाण, काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं.

स्मरणशक्तीबद्दल जपून बोललं पाहिजे. दात गमावलेल्या लोकांत विसरभोळेपणाचा आजार जास्त दिसतो, हे खरं. पण दात गेल्याने स्मृती जाते की स्मृती जाऊ लागली म्हणून दातांची निगा सुटते, हे अजून सुटं झालेलं नाही. दोन्ही थोडं थोडं असावं. ‘कवळी बसवा, स्मरणशक्ती परत येईल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि ‘वय झालं की दात पडणारच’ हेही तितकंच चुकीचं. जपानने १९८९ मध्ये ‘८०२०’ नावाची मोहीम सुरू केली: वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे किमान २० दात. तेव्हा तिथे ८० वर्षांच्या दहा माणसांत एकाच्याही तोंडात इतके दात सापडत नव्हते. २०१६ च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण वाढून दहा माणसांत पाचांवर पोचलं होतं. दात पडतात ते कीड आणि हिरड्यांच्या आजारामुळे, वाढदिवसांमुळे नाही. वीस दात असले की बहुतेक सगळं जेवण चावता येतं, म्हणून तो आकडा.

पहिली पायरी: आठवडाभर ताट बघा

काही विचारू नका, नुसतं बघा. भाकरीचा पापुद्रा सुटा करून खाल्लेला असतो, कड आणि खालची जाड बाजू ताटात राहिलेली असते. मेथीच्या भाजीतली पानं गिळली गेलेली असतात, काड्यांचा चोथा चघळून ताटाच्या कडेला ठेवलेला असतो, तोही वाटीखाली सारून, कुणाला दिसू नये म्हणून. काकडीच्या फोडी आमटीत बुडवलेल्या असतात. सगळ्यांचं जेवण उरकतं तरी त्यांचं अर्धंच झालेलं असतं. किंवा उलट, दोन मिनिटांत ताट रिकामं, म्हणजे चावलेलं काहीच नाही.

घास एकाच गालात फिरतोय का, गिळताना मान पुढे जाते का, प्रत्येक घासामागे पाणी लागतं का, हेही बघा. लग्नाच्या पंगतीला येणं टाळतात का? चारचौघांत तोंडातून चोथा काढावा लागतो किंवा कवळी हलते, ही लाज फार मोठी असते. त्यापायी माणसं घराबाहेर पडणं सोडतात.

शेवटी विचारायचं ते साधं विचारा.

“आई, हल्ली भाकरी नको वाटते का?”

“नको गं. भातच बरा, पचायला हलका.”

एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, भाकरी चावताना कुठे दुखतं? बहुतेक वेळा बोट गालावर नेमक्या जागी जातं.

त्याच आठवड्यात वजन लिहून ठेवा आणि पुढे दर महिन्याला त्याच काट्यावर करा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्के वजन कमी झालं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर फॅमिली डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कारण दातच असेल असं नाही.

दुसरी पायरी: तोंड उघडून बघा

सकाळी, खिडकीपाशी, खुर्चीवर बसवून. हात धुऊन घ्या, मोबाईलची बॅटरी लावा. कवळी असेल तर त्यांनाच काढायला सांगा. पहिल्यांदा नाही म्हणतील. आमच्याकडे “गेलं सगळं, बघायचंय काय त्यात?” असं उत्तर आलं होतं. घाई करू नका. आपण रोज त्यांची साखर तपासतो तसंच हे, असं सांगितलं की बहुधा तयार होतात.

ओठ, दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा, या क्रमाने बघा. दात मोजा. हलणारे कोणते, नुसती मुळं उरलेले कोणते, तुटून धारदार झालेले कोणते, ते वहीत लिहा. हिरडी खाली सरकून दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलं असेल तर तिथे नीट बघा. म्हातारपणची कीड बरेचदा तिथेच लागते, कारण मुळावर इनॅमलचं कवच नसतं. कवळीखालचा टाळू लालभडक असेल, ओठांचे कोपरे चिरलेले असतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो औषधाने बरा होतो, पण कवळीही सुधारावी लागते.

जीभ कोरडी, खरबरीत दिसतेय का? बोलताना ओठ दातांना चिकटतात का? हे चौथ्या पायरीत लागेल.

मिश्री, तंबाखू, सुपारी, गुटखा यांची सवय आत्ता असो वा पूर्वीची, हे बघणं आणखी महत्त्वाचं. आपल्याकडे अनेक घरांत आजीची मिश्री ‘दात घासणं’ या नावाखाली चालते. ती भाजलेली तंबाखूच असते. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत जातात का, हे बघायला सांगा. जात नसतील तर तपासणी हवी. इथे ‘घरचा उपाय’ करण्यात गेलेला महिनाही महाग पडतो.

तिसरी पायरी: चावून बघायला सांगा

सालं काढलेल्या कच्च्या गाजराची अंगठ्याएवढी जाड चकती द्या. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा. तीस वेळा चावल्यावर गिळायच्या आधी बशीत काढायला सांगा. बारीक चुरा झाला असेल तर ती बाजू चालते आहे. मोठे तुकडे तसेच असतील तर तिथे दाढांची जोडीच उरलेली नाही, किंवा दुखतं, किंवा कवळी बसत नाही. वरची दाढ आहे पण तिच्यासमोर खाली काही नाही, असं नेहमी सापडतं. दात मोजताना ती दाढ मोजली जाते, चावायला तिचा काही उपयोग नसतो.

ज्यांना पाणी पितानाही ठसका लागतो, गिळल्यावर आवाज घोगरा-ओलसर होतो, पक्षाघात किंवा पार्किन्सन आहे, त्यांच्यावर ही चाचणी करू नका. तो गिळण्याचा प्रश्न आहे. आधी फिजिशियनला सांगा. गिळण्यावर काम करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे पाठवायला सांगा.

चौथी पायरी: औषधांची यादी तोंडाच्या नजरेने वाचा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उलगडा इथेच होतो.

लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नैराश्यावरची आणि झोपेची काही औषधं, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली औषधं, यांनी तोंड कोरडं पडतं. एकेकटी गोळी थोडं करते, चार-पाच मिळून लाळ आटवतात. लाळ कमी झाली की कीड झपाट्याने लागते, कवळी टाळूला धरत नाही, कोरडा घास घशाखाली उतरत नाही. मग दातांना दोष दिला जातो. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, यातली कोणती गोळी बदलता किंवा कमी करता येईल? तोवर घोट घोट पाणी, जेवणात ताक-आमटी-रस्सा, आणि गोड गोळ्या चघळणं पूर्ण बंद.

ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी असंख्य घरांत आहे. काहींच्या हिरड्या तिने सुजून दातांवर चढतात. फिट्सवरच्या फेनिटॉइननेही असं होतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून अलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर दात काढण्याआधी ते दंतवैद्याला माहीत असलंच पाहिजे. जबड्याचं हाड न भरण्याचा धोका कमी असला तरी खरा आहे. वर्षातून एकदाच घेतलेलं इंजेक्शन लोक सांगायला विसरतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायच्या आधी मनाने बंद करू नका. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर आधी प्रतिजैविक घ्यावं लागतं, तेही सांगा. यातली कुठलीही गोळी घरच्या घरी थांबवायची नाही. यादी दोन्ही डॉक्टरांपर्यंत पोचवायची, एवढंच आपलं काम.

पाचवी पायरी: दंतवैद्याकडे जाताना

जवळचा, जिना नसलेला किंवा लिफ्ट असलेला दवाखाना निवडा. कॉलेज रोड-गंगापूर रोडला दर थोड्या अंतरावर पाटी दिसते, पण सिडको, सातपूर, नाशिकरोडकरांनी घराजवळचाच बघावा, कारण फेऱ्या होणार आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयात विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. पैसे कमी लागतात, वेळ जास्त लागतो, एका कवळीसाठी अनेकदा जावं लागतं. सोबत जाणाऱ्याच्या सुट्ट्यांचा आधी हिशेब करा. त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयातही दंत विभाग आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही दिली जाते. तिची शिबिरं कधी आहेत हे समाजकल्याण कार्यालयात विचारता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १४५६७ ही मोफत आहे.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि गोळ्या घेऊनच जा. उपाशीपोटी खुर्चीवर बसवलं तर साखर उतरते. ताजा एचबीएवनसी, औषधांची यादी, तुमची वही सोबत असू द्या.

तिथे बोलताना एक गोष्ट धरून ठेवा. “आता वय झालं, सगळे काढून कवळीच बसवून टाका” असं आजोबा स्वतः म्हणतात, कधी मुलंही म्हणतात. सुटसुटीत वाटतं ते. पण पूर्ण कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण पाव हिस्सा उरते, आणि दात निघाला की तिथलं जबड्याचं हाड झिजत जातं, पुढे खालची कवळी टेकायला जागाच राहत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारा, यातले कोणते दात वाचतील? दोन सुळे जरी टिकले तरी त्यांच्या आधाराने कवळी घट्ट बसवता येते. जे दात पूर्ण हलतात, ज्यांतून पू येतो, ते काढावेच लागतात.

दातांवरचं कीटण काढल्याने दात सैल होतात, हाही जुना समज आहे. कीटणाच्या थराने सैल दात धरून ठेवलेले असतात. थर निघाला की सैलपणा उघड होतो, इतकंच. कीटण ठेवून दिलं तर हाड आणखी खाल्लं जातं.

सहावी पायरी: कवळी

नवी कवळी बसवली त्या दिवशी कुणी मिसळ खायला नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला मऊ भात, पिठलं, बारीक तुकडे केलेली पोळी. घास छोटा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा, म्हणजे कवळी एका बाजूने उचलली जात नाही. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. बोलणं अडखळतं, त्यासाठी रोज थोडा वेळ पेपर किंवा पोथी मोठ्याने वाचायला सांगा.

पहिल्या आठवड्यात कुठेतरी टोचणार, फोड येणार, हे गृहीत धरा. लगेच दवाखान्यात जाऊन घासून घ्या, आणि जाताना कवळी तोंडात घातलेली असू द्या, म्हणजे टोचणारी जागा सापडते. घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. ‘दुखते म्हणून काढून ठेवली’ असं एकदा झालं की ती डबीतून बाहेर येत नाही. कपाटात पडलेल्या अशा कवळ्या मी फार घरांत पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटतं, तेव्हाच दोन फेऱ्या मारल्या असत्या तर!

रात्री काढायची. मऊ ब्रशने, साध्या साबणाच्या पाण्याने धुवायची. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी बसते. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. धुताना मोरीत पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्रभर झाकणाच्या डबीत, पाण्यात. डबीवर नाव लिहा. दवाखान्यात दाखल करताना कवळी कागदात गुंडाळून उशाशी ठेवली जाते आणि झाडूवाल्याबरोबर कचऱ्यात जाते. ती गेली की आजारातून उठलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे पातळ पेजेवर राहावं लागतं.

वजन उतरलं किंवा हाड झिजलं की जुनी कवळी सैल होते. चिकट पावडरवर वर्षं काढण्यापेक्षा आतून नवा थर देऊन घ्या किंवा बदला. खालची कवळी अजिबात थांबत नसेल तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवर, अडकणाऱ्या कवळीबद्दल विचारा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं होतं. खर्च मोठा आहे, पण झेपत असेल तर फरकही तेवढाच मोठा.

सातवी पायरी: रोजची सफाई

सकाळी आणि रात्री, मऊ ब्रश, फ्लोराइडची टूथपेस्ट. रात्रीची वेळ चुकवू नका. राखुंडी, मीठ-कोळसा, खरखरीत मंजन बंद. त्याने हिरडीजवळ दाताला खाच पडते. बोटं आखडली असतील तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा, पकड लगेच येते. दातांतल्या फटींसाठी छोटे बाटलीब्रशसारखे ब्रश औषधाच्या दुकानात मिळतात. काडी, टाचणी, सेफ्टी पिन नको. सगळे दात गेलेले असले तरी हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसायचीच.

अंथरुणावरच्या माणसाचं तोंड साफ करताना पाठीला उशा लावून उठतं बसवा, नाही जमलं तर कुशीवर वळवा. पेस्ट वाटाण्याएवढीसुद्धा नको, पाणी अगदी थोडं, बाहेर आलेलं लगेच टिपून घ्यायचं. दातांच्या मध्ये आपलं बोट घालू नका.

आठवी पायरी: आता स्वयंपाक

तोंडाचं काम मार्गी लागलं, किंवा लागेपर्यंत, स्वयंपाक बदलायचा. मिक्सरमधून काढलेलं सगळं एकाच रंगाचं वाटण मला पटत नाही. ज्यांना गिळायचाच त्रास आहे त्यांना ते लागतं. बाकीच्यांना चावायला थोडं तरी राहू द्या, नाहीतर जबड्याचे स्नायू आणखी ढिले पडतात.

प्रथिनांकडे आधी बघा. दर किलो वजनामागे रोज साधारण १ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या आजोबांना ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. नुसत्या वरणभाताने तो गाठला जात नाही. मऊ शिजवून पळीने थोडी चिरडलेली मटकी, पिठलं, घट्ट मुगाची खिचडी, दही, पनीरचा चुरा, अंड्याची बुर्जी, खिमा, काटे काढलेला मासा. अख्खे शेंगदाणे गेले म्हणून शेंगदाणे सोडू नका, कूट प्रत्येक भाजीत आणि कोशिंबिरीत जातो.

नागली, म्हणजे नाचणी, आपल्याच जिल्ह्यातली: सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडची. १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिची आंबील ताकात केली तर एक दातही लागत नाही. बाजरीची भाकरी ताजी, आमटीत दोन मिनिटं भिजवून. पालेभाजीच्या कोवळ्या काड्याच घ्या, बारीक चिरा, डाळ-दाणे घालून पातळभाजी करा. गाजर-बीट किसून, वर लिंबू. पेरू बिया काढून, जरा शिजवून. पपई तशीच.

मिसळ पूर्ण बंद करायची गरज नाही. मटकी मऊ शिजलेली असते. फरसाण रश्श्यात भिजू द्या, तर्री बेताची घाला. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडायला लावणं कुणाच्याही जिवावर येतं.

द्राक्षांच्या हंगामात मात्र सांभाळा. अख्खं द्राक्ष गुळगुळीत असतं, न चावता घशात जाऊन अडकू शकतं. कवळीवाल्यांना आणि ठसका लागणाऱ्यांना उभं चिरून, बी काढूनच द्या, आणि मधुमेह असेल तर मोजून.

जेवताना पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, टीव्ही बंद. जेवणाआधी दोन मिनिटं ‘पा-टा-का-रा’ हे चार उच्चार मोठ्याने, वेगाने म्हणायला सांगा. ओठ, जीभ आणि घसा यांना चालना देणारा हा जपानमधला व्यायाम आहे. नातवंडांबरोबर म्हटला तर रोज होतो.

पुढे किती दिवसांनी, आणि लगेच कधी

दात असोत वा नसोत, सहा महिन्यांतून एकदा तपासणी. तंबाखूची सवय असेल किंवा मधुमेह आवाक्यात नसेल तर दर तीन-चार महिन्यांनी. घरी तोंड महिन्यातून एकदा बघायचं, वजन करता त्याच दिवशी.

जबड्याखाली किंवा मानेवर सूज, सोबत ताप, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा श्वास लागतोय, असं झालं तर वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघू नका. दाताचा संसर्ग मानेत उतरतो तेव्हा तासांचा प्रश्न असतो. दंतवैद्याचा फोन लागत नसेल तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. दात काढल्यावर स्वच्छ कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरूनही रक्त थांबत नसेल तरीही तिथेच जायचं, रक्त पातळ करण्याच्या गोळीचं पाकीट सोबत घेऊन.